हसायचंच असेल तर बरोबर जागी हसा

पॉन्टिॲक ॲझ्टेक ही अमेरिकन गाडी भारतात कधी विकायला आली नाही, तरी पुण्यातल्या गाड्यांचं वेड असलेल्या कुठल्याही पोराला तिचा फोटो दाखवा, तो ओळखतो आणि हसतो. २००८ मध्ये ब्रिटनच्या डेली टेलिग्राफने वाचकांना विचारलं तेव्हा शंभर कुरूप गाड्यांमध्ये हिचा पहिला नंबर आला, त्याच्या आदल्या वर्षी टाइम मासिकाने आजवरच्या सगळ्यात वाईट ५० गाड्यांत हिला टाकलं होतं, आणि मग एका गाजलेल्या अमेरिकन मालिकेत पिचलेल्या केमिस्ट्रीच्या मास्तराला हीच गाडी मिळाली, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी गाडी बघूनच त्याची अवस्था कळायची. माझं म्हणणं असं आहे की या गाडीची जी बदनामी झाली त्यातली अर्धी योग्य होती आणि अर्धी साफ चुकीची, आणि त्या चुकीच्या अर्ध्याची किंमत आपण सगळे, अगदी इथे पुण्यात बसलेलेसुद्धा, अजून मोजतोय.

आधी मुळात झालं काय ते बघा. जनरल मोटर्सने १९९९ मध्ये डेट्रॉइटच्या शोमध्ये हिचं कॉन्सेप्ट म्हणजे नमुना गाडी दाखवली होती, ती चांगली बसकी, रुंद, तरुण मुलांना आवडेल अशी होती. प्रत्यक्ष बनवायची वेळ आली तेव्हा पैसे वाचवायला कंपनीने ती आपल्या मिनीव्हॅनच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे सांगाड्यावर चढवली. मिनीव्हॅनचा सांगाडा उंच आणि त्या मानाने अरुंद, त्यामुळे कॉन्सेप्टवर छान दिसणारी प्रत्येक रेष वर ताणली गेली, पुढचं तोंड दोन मजली झालं, खाली चारी बाजूंनी राखाडी प्लास्टिक आलं. लाँचच्या आधी कंपन्या सामान्य लोकांना बोलावून गाडी दाखवतात आणि मत विचारतात, तिथे लोकांनी नाकं मुरडली होती, तरी गाडी पुढे रेटली. वर्षाला ७५ हजार विकायचा अंदाज होता, सगळ्यात चांगल्या वर्षी म्हणजे २००२ मध्ये २८ हजारसुद्धा गेल्या नाहीत, २००५ मध्ये खेळ संपला.

आता याच गाडीच्या आत बघा. मागे लावायला तंबू मिळायचा, त्यात झोपायला हवेची गादी, पुढच्या दोन सीटच्या मधला कप्पा उचलून बाहेर न्यायचा म्हणजे तोच आईसबॉक्स, डिकीचं खालचं दार उघडलं की त्यावर दोघांना नीट बसता येईल असे खोलगट भाग आणि कप ठेवायला जागा, सामानासाठी बाहेर सरकणारा ट्रे. ज्यांनी ती घेतली ते लोक तिच्यावर खूश होते, २००१ मध्ये जे.डी. पॉवर या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीने गाडीमालकांना विचारलं तेव्हा ही तिच्या वर्गातली सगळ्यात जास्त आवडलेली गाडी ठरली. म्हणजे ज्यांनी वापरली त्यांचं मत एक आणि ज्यांनी नुसता फोटो बघितला त्यांचं मत दुसरं, आणि इतिहासात नोंद झाली ती फोटोवाल्यांच्या मताची!

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अजून सांगायचीये. ब्युइक राँदेव्हू नावाची तिची सख्खी बहीण होती, तोच प्लॅटफॉर्म, तेच इंजिन, मेक्सिकोतल्या त्याच कारखान्यातून निघायची, फक्त वरचा पत्रा वेगळा आणि चारचौघींसारखा, आणि ती ॲझ्टेकच्या दुपटीहून जास्त विकली गेली. मग खोट नक्की कशात होती? यंत्रात नव्हती, उपयोगात तर अजिबात नव्हती. खोट निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर होती, ज्यांनी एका सांगाड्यासाठी काढलेलं चित्र दुसऱ्याच सांगाड्यावर डकवलं आणि समोरचे लोक नको म्हणत असताना ऐकलं नाही. पण हसलं कोणाला गेलं, तर मागे तंबू लावून फिरायची ती सगळी कल्पनाच हास्यास्पद ठरली. कंपन्यांनी त्यातून धडा काय घेतला असेल? वेगळं काही करू नका, चारचौघांसारखं करा. ॲझ्टेकला मागे होता तसा उतार मोठ्या गाडीला देण्याची कल्पना २००८ मध्ये बीएमडब्ल्यूने एक्स६ मध्ये आणली तेव्हा लोकांनी भरपूर पैसे मोजून घेतली. नावं ठेवणारे तिलाही होते, पण तिच्यात बसणाऱ्या माणसाची कोणी कीव केली नाही.

हे सगळं अमेरिकेतलं, मग पुण्यात बसून मी का लिहितोय? एक तर ती जनरल मोटर्स आपल्या शेजारी तळेगावात होती. २००८ मध्ये कारखाना सुरू झाला, स्पार्क आणि बीट या छोट्या गाड्या तिथून निघाल्या, २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, पुढे काही वर्षं नुसती निर्यात चालली, २०२० च्या शेवटी तेही संपलं. तो कारखाना नंतर ह्युंदाईने घेतला, आणि ह्युंदाई भारतात पाय रोवू शकली ती १९९८ च्या सँट्रोमुळे, जिला पहिल्यांदा बघून लोकांनी तोंड वाकडं केलं होतं. उभी, अरुंद, टोपी घातल्यासारखी. पण कंपनीने काय केलं, मूळच्या कोरियन मॉडेलचं रूप इथल्यासाठी थोडं सुधारलं आणि उंची तशीच ठेवली, कारण ती उंचीच खरी किमतीची होती. साडी नेसलेली बाई, गुडघे दुखणारे आजोबा, डोक्याला पगडी असलेला माणूस, सगळ्यांना त्या गाडीत न वाकता बसता येत होतं. पाठोपाठ व्हॅगनआर आली तिला सगळ्यांनी डबा म्हटलं, अजूनही म्हणतात, आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षातसुद्धा देशात सगळ्यात जास्त विकलेली कार तीच होती. माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिला कुठल्या गाडीतून न्यायचं हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न आहे, आणि तिला जी गाडी स्वतःहून चढता उतरता येते ती माझ्या मते देखणी आहे, बाकी मला काही ऐकायचं नाही.

पुण्यात गाडीला कुरूप म्हणताना बऱ्याचदा मनात वेगळंच असतं हे पण बोललं पाहिजे. "टॅक्सी वाटते रे!" हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय, गाडी घ्यायची चर्चा चालू असते, कोणीतरी टोयोटाच्या इटिऑसचं किंवा महिंद्राच्या व्हेरिटोचं नाव काढतं, आणि हे एक वाक्य येऊन विषय बंद होतो. आता टॅक्सीवाल्याने ती गाडी का घेतली असते? कारण ती चालते, आत जागा आहे, डिकीत चार बॅगा जातात, दुरुस्ती स्वस्तात होते, कितीही किलोमीटर मारले तरी इंजिन कुरकुरत नाही. जो माणूस दिवसभर गाडी चालवून पोट भरतो त्याच्याइतका पारखून गाडी घेणारा दुसरा कोण असणार, पण त्याची पसंती आपल्याला कमीपणाची वाटते. व्हेरिटो म्हणजे मूळची लोगन, महिंद्राने रेनोबरोबर २००७ मध्ये नाशिकला बनवायला सुरुवात केली होती. तिचे बाहेरचे डावा आणि उजवा आरसा एकसारखे होते, म्हणजे दोन वेगळे साचे करायला नकोत, काचा शक्य तितक्या कमी वळणाच्या, डॅशबोर्ड अगदी साधा. कंपनीने प्रत्येक ठिकाणी पैसे वाचवले आणि ते मागच्या सीटच्या जागेत आणि ५१० लिटरच्या डिकीत घातले. याला मी प्रामाणिक गाडी म्हणतो. आपण तिला ठोकळा म्हणालो.

नॅनोचं तेच झालं. तिच्यावर इथेच पिंपरीत टाटाच्या इंजिनिअर लोकांनी जीव तोडून काम केलं, ३.१ मीटर लांब, चौघं बसतात, चार मीटरच्या त्रिज्येत वळते, शनिवार पेठेतल्या बोळात घालायला याहून सोयीची कार झाली नाही. तिच्या अडचणी होत्या, आगीच्या घटना झाल्या, प्रकल्प सिंगूरहून साणंदला हलवायला लागला, ते सगळं खरं. पण तिला खरं मारलं ते "सगळ्यात स्वस्त" या शिक्क्याने, खुद्द रतन टाटांनी नंतर सांगितलं की तसं मार्केटिंग करणं ही चूक होती. शेजाऱ्याला दाखवता येत नाही अशी गाडी लोकांना नको होती.

आणि आता मला खरंच राग येतो त्या गोष्टीवर येतो. इटिऑस आली तेव्हा तिचा मधे बसवलेला मीटर बघून सगळे म्हणाले हा तर वजनकाटा, डिझाइन जुनाट, आतलं प्लास्टिक हलकं. बरोबर आहे, मीटर वाईटच दिसायचा. पण २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने तिची धडक चाचणी घेतली तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षेचे ५ पैकी ४ स्टार मिळाले. कायद्याने ड्रायव्हरच्या एअरबॅगची सक्ती २०१९ मध्ये आली आणि शेजारच्या सीटची २०२१ मध्ये, त्याच्या कितीतरी आधी टोयोटाने इटिऑसच्या प्रत्येक मॉडेलला दोन्ही एअरबॅग दिल्या होत्या. त्याच २०१६ मध्ये रेनोची क्विड बाजारात गाजत होती, छोट्या एसयूव्हीसारखा रुबाब म्हणून सगळीकडे कौतुक, आणि मे महिन्यात तिचा निकाल आला तो शून्य स्टार. शून्य! कोणी त्या गाडीवर जोक केले? तिच्या फोटोखाली कोणी हसलं? आणि माझी लाडकी व्हॅगनआर, तिला २०२३ मध्ये फक्त १ स्टार मिळाला, हेही इथे सांगायलाच पाहिजे, कारण मी उंच डब्यांची बाजू घेतोय म्हणून सगळ्या डब्यांना सूट देणार नाही. तिला जर काही बोलायचं असेल तर त्या एका स्टारवरून बोला, तिच्या मागच्या सपाट काचेवरून कशाला? इतकी वर्षं आपण दिव्यांच्या आकारावर आणि ग्रिलवर जेवढं बोललो त्याच्या पावपट जरी पत्र्याच्या मजबुतीवर बोललो असतो ना, तर कंपन्यांनी ते फार आधी मनावर घेतलं असतं. गिऱ्हाईक काय विचारतं तेच शोरूम दाखवतं.

अजून एक, काही गाड्या खरोखर बेढब असतात आणि त्याला डिझायनर जबाबदारच नसतो. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ केली, आणि छोटी म्हणजे काय तर लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. झालं, कंपन्या पट्टी घेऊन बसल्या. २००८ मध्ये टाटाची इंडिगो सीएस आली, चांगल्या सेडानची शेपटी छाटलेली. २०१२ मध्ये डिझायरचं तेच, ४४० लिटरची डिकी ३१६ लिटरवर आली. मग २०१३ मध्ये व्हेरिटो व्हाइब, जिच्याकडे बघून लोक म्हणायचे हिला मागून कोणीतरी ठोकलीये. या गाड्यांचं रूप सरकारच्या एका आकड्याने ठरवलं होतं, कारखान्यात बसलेला माणूस काय करणार, त्याला चार मीटरला गाडी संपवायचीच होती. आणि हे आजही चालू आहे, सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के जीएसटी आणि बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०, छोटी म्हणजे काय याची व्याख्या तीच. मला चार मीटरची मर्यादा मुळात वाईट वाटत नाही, आपल्या शहरांत छोटी गाडी स्वस्त असलीच पाहिजे, पण कर लावताना फक्त लांबी आणि इंजिन मोजायचं आणि रुंदी, उंची, वजन, बॉनेट कुठवर येतं याकडे बघायचंच नाही हे अर्धवट आहे, त्यामुळे गाड्या आडव्या आणि उभ्या फुगत चालल्यात, फक्त लांबीला दबून.

त्याच चार मीटरमध्ये काय करता येतं हे बघायचं असेल तर फियाटची मल्टिप्ला बघा, जगातल्या कुरूप गाड्यांच्या यादीतलं दुसरं हक्काचं नाव. १९९८ ची गाडी, लांबी ३.९९ मीटर, म्हणजे आपल्या नियमात लांबीने बसली असती, आणि त्यात सहा माणसं, तीन पुढे तीन मागे, प्रत्येकाला स्वतःची पूर्ण सीट, वर मागे सहा जणांचं सामान. पुढच्या काचेखाली तिला एक वळकटी होती, त्यात वरचे दिवे बसवले होते, त्यावरून जगाने तिची खिल्ली उडवली. पण तिच्या काचा एवढ्या मोठ्या आणि खालपर्यंत होत्या की आत बसून बाहेरचं सगळं दिसायचं. डिझायनर रोबेर्तो जोलितो आणि त्याच्या टीमने आधी माणसं बसवली आणि मग त्यांच्याभोवती पत्रा ओढला, म्हणून ती तशी दिसते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९९ मध्ये उद्याच्या गाड्यांच्या प्रदर्शनात तिला ठेवलं होतं. २००४ मध्ये कंपनीने लोकांच्या हसण्याला कंटाळून ती वळकटी काढली, चेहरा साधा केला, आणि मग ती गर्दीतली कुठलीही एक गाडी झाली. आपल्या पेठांना तिची १.८७ मीटर रुंदी झेपली नसती हे मान्य, पण विचाराची दिशा बघा. ॲझ्टेकचा पत्रा पैसे वाचवायच्या नादात बिघडला, मल्टिप्लाचा पत्रा माणसांसाठी वाकवला. दोन्ही फोटोंवर हशा मात्र सारखाच, आणि मला याचाच त्रास होतो, की आपण बघतच नाही हे रूप कशातून आलंय.

यावर लोक म्हणतील, अरे पण माणसाने आयुष्यभराची कमाई घालून गाडी घेतली तर ती छान दिसावी असं वाटणार नाही का? वाटणारच, वाटलंच पाहिजे. सोसायटीच्या गेटमधून पहिल्यांदा गाडी आत येते, घरातली बाई आरतीचं ताट घेऊन उभी असते, चाकाखाली लिंबू असतं, त्या दिवसाचा आनंद कमी लेखणारा मी कोण. सौंदर्याला किंमत आहे आणि चांगला डिझायनर उपयोग आणि रूप दोन्ही साधतो. माझी तक्रार एवढीच की आपली देखणेपणाची कल्पना गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकाच साच्यात अडकलीये, उंच सपाट बॉनेट, बारीक रागीट दिवे, कमरेपासून वर चढत जाणारी खिडकीची रेष, मागे फटीएवढी काच. हे रूप दणकट दिसतं म्हणून विकलं जातं. मागच्या सीटवरच्या पोराला त्या खिडकीतून सिंहगड दिसत नाही, आभाळाचा तुकडा दिसतो, आणि चालवणाऱ्याला बॉनेटच्या पुढे काय आहे ते कळत नाही, म्हणून मग ३६० डिग्री कॅमेरा लावायचा आणि त्याचे वेगळे पैसे द्यायचे.

हा घरातला प्रश्न राहिलेला नाही, रस्त्याचा झालाय. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विम्याच्या संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास मांडला, ज्या गाड्यांचं बॉनेट पुढच्या टोकाला ४० इंचांहून उंच असतं त्यांच्या धडकेत चालणारा माणूस मरण्याची शक्यता, ३० इंचांच्या आतलं उतरतं बॉनेट असलेल्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. तिकडचे पिकअप ट्रक आपल्याकडच्या गाड्यांपेक्षा बरेच मोठे आहेत, म्हणून तोच आकडा जसाच्या तसा इथे लावायला नको, पण कारण सगळीकडे तेच, बुटकं बॉनेट पायाला लागतं आणि माणूस वर उडतो, उंच बॉनेट छातीला आणि डोक्याला लागतं. आता हे कुमठेकर रोडवर आणून बघा, तुळशीबागेच्या तोंडाशी, जिथे फुटपाथवर टेबलं आणि रस्त्यावर माणसं असतात, चार-पाच वर्षांचं पोर आईचा हात सोडून एक पाऊल पुढे टाकतं तेव्हा ते त्या दणकट बॉनेटच्या खाली असतं, ड्रायव्हरला दिसतच नाही. व्हॅगनआरचा तो उतरता बुटका नाकाडा आणि मोठी काच, ज्याला आपण डबा म्हणतो, तिथे ते पोर दिसतं. आमच्या भागातल्या कितीतरी सोसायट्यांत मेकॅनिकल पार्किंग आहे, वरच्या पाळण्यात मोठी एसयूव्ही जात नाही, मग ती रस्त्यावर लागते, तिथून पीएमटीची बस वळत नाही, मागे ॲम्ब्युलन्स अडकते, आणि मालकाला गाडी कशी दिसते याचं मात्र अजून समाधान वाटत असतं.

म्हणून मला वाटतं यावर उघड बोलायला हवं. भारत एनकॅप ही आपल्या देशातली धडक चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालीये, त्यात ३ किंवा जास्त स्टार हवे असतील तर पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेचा नियम पाळावा लागतो, हे चांगलंच आहे, पण त्यात गाडी कितपत चांगली हे गिऱ्हाईकापर्यंत वेगळं पोचत नाही. मायलेज जसं मोठ्या अक्षरात सांगतात तसं ड्रायव्हरच्या सीटवरून गाडीच्या पुढे किती फुटांवर जमीन दिसायला लागते ते पण सांगायला लावा, ते मोजायला टेपच पुरते. वाहनांच्या चाचण्या करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था तर आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे, म्हणजे यासाठी बाहेरून कोणाला बोलवायचीही गरज नाही. आणि गाड्यांचे रिव्ह्यू करणारी जी मराठी मुलं आता इतकी छान व्हिडिओ बनवतात त्यांना माझी मनापासून विनंती आहे, सनरूफ आणि स्क्रीन दाखवून झालं की एकदा घरातल्या आजीला मागच्या सीटवर चढायला आणि उतरायला सांगा आणि ते न कापता दाखवा, मग पुढे एखादं लहान मूल उभं करून ड्रायव्हरच्या जागेवरून कॅमेरा धरा.